देठावरचा लेप

१४ जानेवारी

बाईसाहेब,

तुझी बस वळणापलीकडे गेली आणि मुंगीनं मला विचारलं, "आजी, आता घरी जाऊन काय खायचं?" म्हणजे बघ. तू खिडकीतून तोंड वाकडं करून रडत होतीस, सगळा बसथांबा तुझ्याकडे बघत होता, आणि जिच्यासाठी हा तमाशा चालला होता तिला भूक लागली होती. उकडलेली अंडी खाल्ली आणि झोपली.

तुझा बेत मला पाठ झालाय. परमुलखातल्या इस्पितळात लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरून तपासायचं, तोवर इतर बायकांबरोबर एका खोलीत राहायचं, वर्षभरात स्वतःचं घर बघायचं आणि मग लेकीला न्यायला यायचं. छान. मुंगीच्या बापाचा, तुझ्या त्या फोटोग्राफरचाही असाच काहीतरी बेत होता. तो गेला तो गेलाच. बेत करण्यात तुमचं दोघांचं जमायचं मात्र फार.

मी पत्रंच लिहीन. फोनवर मला बोलता येत नाही, समोरचा मध्येच बोलतो. तुला लेकीशी रोज संध्याकाळी बोलायचंय तर बोल. बघू तुझा हा उत्साह किती टिकतो ते.

आई


२ मार्च

कन्यके,

मुंगीला काचघरात काम लावलंय. टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेवरून कापड गुंडाळलेली काठी हलकेच फिरवायची, शेंडे वाकतील इतपतच. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा. तू हे काम करताना नाक मुरडायचीस. ही गाणं म्हणत करते. परवा मला विचारलं, "आजी, त्यांना गुदगुल्या होतात का गं?"

मी म्हटलं, गुदगुल्या नाही, धास्ती बसते. अंगाला काही लागलं की रोपाला वाटतं वारा सुटलाय, बाहेरचं काही खरं नाही. मग ते आपल्याच पेशींत इथिलीन करायला घेतं. रंग नसलेला वायू, सगळ्यात साध्या रेणूंपैकी एक, पण अख्ख्या झाडाला वळण लावतो. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून झाड आधी एसीसी नावाचा पदार्थ तयार करतं आणि मग त्याचं इथिलीन होतं. एसीसी तयार होण्याची पायरी म्हणजे नळाची चावी. एरवी झाड ती आवळून ठेवतं. जखम झाली, कुणी हाताळलं, मुळाशी पाणी साचलं, की चावी सैल होते. हे सगळं मी मुंगीला सांगितलं नाही, तुला सांगतेय, कारण कॉलेजच्या पेपरात हाच प्रश्न तू कोरा सोडला होतास. माझ्याच विषयात! बाकीचे मास्तर मूग गिळून बसले होते, कात्री आपल्या पोरीला किती गुण देते ते बघत. मी शून्य दिलं. पोरं मला उगाच कात्री म्हणत नसत.

इथिलीन वाढलं की रोप उंच होणं थांबवतं. बुटकं राहतं, खोडानं जाड होतं, नेऊन लावताना मोडत नाही. ज्याला कुणी हात लावला नाही ते उंच, सडपातळ, देखणं होतं आणि पहिल्याच वाऱ्यात आडवं पडतं. मला कुणाची आठवण येते ते लिहीत नाही.

लहान असताना एकदा तू मला विचारलं होतंस, रोपांवरून रोज हात फिरवतेस, माझ्यावरून का नाही फिरवत. मी म्हटलं होतं, रोपं विकायची असतात. तुझे बाबा म्हणाले, "अगं, लहान आहे ती." मी एवढा चांगला विनोद केला आणि घरात कुणी हसलं नाही.

आई


२१ एप्रिल

मुली,

मुंगी हिरमुसलेली वाटते म्हणून तू आता दिवसातून दोनदा फोन करतेस. तुझा फोन झाला की ती ताट पुढे सरकवून बसते. जेवत नाही, बोलत नाही, दाराकडे बघत राहते. मग तू पुन्हा फोन करतेस, ती हिरमुसली आहे म्हणून.

आता काचघरात काय झालं ते ऐक. खिडकीजवळच्या ट्रेमधल्या रोपांची पानं खाली झुकलेली मुंगीला दिसली. तिला वाटलं तहान लागली. तिनं पाणी घातलं. पानं आणखी झुकली, तिनं आणखी घातलं. ट्रेखालच्या थाळ्यात पाणी तुडुंब साचलं होतं आणि ही आपली झारी घेऊन पळतेय. मी बघत होते. बोलले नाही. आपल्या हातानं चुकलेलं माणूस विसरत नाही.

मुळं पाण्यात बुडाली की त्यांना हवा मिळत नाही. एसीसी तयार होतो, पण त्याचं इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो आणि तो तिथे नसतो. मग तो पदार्थ मुळांतून वर चढतो, पानांपर्यंत जातो, तिथे हवा भेटते आणि इथिलीन होतं. देठ खाली वाकतात. बघणाऱ्याला वाटतं रोप तहानेलं आहे, आणि ते तर बुडत असतं.

रोपं मेली. ती मी तिच्याच हातानं खताच्या खड्ड्यात टाकायला लावली. रडली. "मी तर त्यांना पाणी दिलं, आजी," म्हणाली. मी म्हटलं, हो, तूच दिलंस.

तर तुझी झारी आता खाली ठेव. फोन फक्त रविवारी. मी हे तिच्या भल्यासाठी सांगतेय आणि तुला ते पटणार नाही हेही मला माहीत आहे. पण ती माझ्या घरात आहे.

आई


९ जुलै

तू मला काय समजतेस?

काठीला गुंडाळायच्या चिंध्या आणायला मुंगी शेजारच्या शिंप्याकडे जाते. अलीकडे चिंध्या फार यायला लागल्या होत्या. त्यांनी दोन काचघरांतल्या काठ्या गुंडाळून झाल्या असत्या, म्हणून आज मी तिच्या मागोमाग गेले. शिंपी मशीनवर मान खाली घालून बसला होता, एरवी त्याचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालतं. मुंगी कापड बेतायच्या टेबलाखाली बसली होती, शिंप्याचा फोन कानाला लावून. कुजबुजत होती. मी फोन काढून घेतला. तुझा आवाज आला, "राणी, आजी आली का?" माझा श्वास तू ऐकला असशीलच.

शिंपी म्हणाला, "बाई, पोर आईशी दोन शब्द बोलली तर कुणाचं काय बिघडलं?"

"तुमचं काय बिघडणार?" मी म्हटलं. "तुम्ही बाह्या लावा."

"माझ्या बायकोला तर रडू येतं हिचं ऐकून."

"मग त्यांना आत पाठवत जा."

माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला तू सहा वर्षांच्या मुलीला शिकवलंस. परक्या माणसाच्या टेबलाखाली बसायला शिकवलंस. मी तिला मारलं नाही. घरी आणलं, फोनची तार भिंतीतून काढली आणि तिच्यासमोर गुंडाळून कपाटात ठेवली. आता रविवारही नाही. चिंध्या मी माझ्या जुन्या परकरांच्या फाडीन.

तू लिहिशील की मी दुष्ट आहे. लिही. पण एकदा खरं सांगून टाकते, म्हणजे तुझा गोंधळ नको. मला ती आवडते. ती माझ्याजवळ येऊन बसते तेव्हा मला बरं वाटतं. तू अशी मला कधी आवडली नाहीस, आणि यात तुझा दोष असेलच असंही नाही. काहीजणींशी नाही जमत.

आई


१७ सप्टेंबर

मुली,

तुझं पत्र मुंगीला वाचून दाखवलं, थोडं आवरून. "तुझ्याशिवाय मला झोप लागत नाही" हे वाक्य सहा वर्षांच्या मुलीच्या काय कामाचं? ते गाळलं. शेवटचं लाडीगोडीचंही गाळलं. बाकी काचपट्ट्या आणि बर्फ वगैरे वाचलं. तिनं विचारलं, "बस्स, एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

तिचं मन कशात तरी लागावं म्हणून मी तिला कॉलेजातला जुना प्रयोग करून दाखवला. खिडकीतल्या कोलियसची दोन पानं कापली. देठ नाही कापायचे, ते खोडाला तसेच ठेवायचे. एका देठाचं टोक उघडं ठेवलं. दुसऱ्याच्या टोकाला लेप लावला, लोकरीच्या मेणात कालवलेल्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा. तो चपटा पत्र्याचा डबा मी निवृत्त होताना कॉलेजातून आणला होता, आठवत असेल.

पान झाडावर टिकतं ते स्वतःच्या करणीनं. ते देठातून सतत ऑक्सिन खाली धाडत असतं. ते पोचत राहिलं तोवर देठाच्या बुडाशी असलेल्या पेशी इथिलीनला दाद देत नाहीत. येणं थांबलं की त्याच पेशी इथिलीनचं ऐकायला लागतात, एकमेकींना जोडणारा चिकटा आपणच विरघळवतात, आणि देठ सुटतो. लोकांना वाटतं पान वाऱ्यानं पडलं. वारा नुसता निमित्ताला येतो.

मुंगी रोज शाळेतून आली की बोटाच्या टोकानं दोन्ही देठ हलकेच हलवून बघायची. उघडा पिवळा पडला आणि एके दिवशी तिच्या बोटाबरोबर खाली आला. लेपवाला हलला नाही. तिनं पडलेला देठ काड्यापेटीत ठेवला. मग मी भांडी घासत होते तिथे आली.

"आजी, त्याचं पान कापलं म्हणून तो पडला ना?"

"हो."

"आणि लेपवाल्याला वाटतंय पान आहे अजून?"

"हो. शहाणी आहेस."

"तुझं पान कोण?"

"तूच. माझं दुसरं आहे कोण?"

"मग मी आईकडे गेले की तू पडशील?"

मी म्हटलं, "ते तेव्हा बघू."

"आणि आईचं पान?"

"तुझ्या आईनं तिचं तिनं कापलं."

तू लगेच माझ्या नावानं खडे फोडशील, म्हणून सांगते, यातलं एकही वाक्य मी आपणहून काढलेलं नाही. तिनं विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दिली. सहा वर्षांच्या मुलीशी मी खोटं बोलत नाही. अवघड प्रश्न कोरे सोडायची सवय आपल्या घरात फक्त तुला आहे.

आई


३ नोव्हेंबर

कन्यके,

घर मिळालं, तिच्या राहण्याची परवानगी मिळाली, शाळाही बघून ठेवलीस. म्हणजे या वेळी बेत तडीला नेलास. मला वाटलं नव्हतं, हे कबूल करते.

ये. मी दार अडवणार नाही, पोलीस बोलावणार नाही, तिचे कपडे धुऊन घडी करून ठेवीन. एकच गोष्ट. तिला आपल्या दोघींसमोर विचारायचं. येते म्हणाली तर घेऊन जा, मी बसथांब्यापर्यंत पोचवायला येईन. नाही म्हणाली तर ओढून न्यायचं नाही, तिला वेळ द्यायचा आणि परत जायचं. हे कबूल असेल तरच ये. तिच्यावर तुझा एवढा भरवसा आहे, मग घाबरायचं कशाला?

आई


११ डिसेंबर

मुली,

सुखरूप पोचलीस असं शिंपीण म्हणाली. तू तिला कळवतेस, मला नाही. चालायचंच.

बसमध्ये बसून तू मनात काय काय रचलं असशील, म्हणून झालं ते झालं तसं लिहून ठेवते. तू दारात उभी राहिलीस. निळा कोट, केस कापलेले. मुंगी काठी घेऊन काचघरातून आली आणि थांबली. आत वळून मला म्हणाली, "आजी, कुणी बाई आल्यात." मी तिला हे शिकवलं नव्हतं. तू केस कापायला नको होतेस.

मग तिनं तुला ओळखलं. ओळखलं हे मीही पाहिलं, तुझ्याइतकंच. ती पळत आली, तुझ्या कोटात तोंड खुपसलं, आणि तुम्ही दोघी उंबऱ्यावर बसून किती वेळ रडत होतात. मी आत बसले होते. मी मध्ये पडले नाही. जेवताना ती तुझ्या मांडीवरून उतरली नाही, त्यालाही मी काही बोलले नाही.

सकाळी तूच विचारलंस, "राणी, येतेस ना आईबरोबर?" तिनं तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हाताची घडी घालून उभी होते. नुसती उभी होते. ती म्हणाली, "नको." तू पुन्हा विचारलंस. ती दाराची चौकट धरून ओरडायला लागली, "नको, नको, मी नाही जाणार, नको ना गं." तू तिला उचललंस. ते आपल्या ठरलेल्यात नव्हतं, पण मी काही म्हटलं नाही. चौकटीवरची तिची बोटं तू एकेक करून सोडवत होतीस आणि ती माझ्याकडे बघून किंचाळत होती. शेवटी तूच तिला खाली ठेवलंस. तेवढं बरं केलंस.

तू मला विचारलंस, "काय केलंस तू हिचं?" मी म्हटलं, "वर्षभर सांभाळलं."

तू जिंकली असतीस तर मी हार मानली असती. आता तू मान.

आई


६ जानेवारी

मुली,

हे पत्र लिहू की नको असं मला पहिल्यांदाच झालं. पण निरीक्षण आपल्या बाजूनं असो की नसो, नोंदवायचं, दडवायचं नाही, हे मी पोरांना जन्मभर शिकवलं. तेव्हा नोंदवते. तू विचारलंस, मुंगी कशी आहे. ऐक.

तू गेल्यापासून ती शहाण्यासारखी वागत होती. काठी फिरवायची, दूध प्यायची, वेळेवर झोपायची. तुझं नाव काढत नव्हती. मला वाटलं, सुटलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

आज दुपारी काचघरात खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली ती कुणीतरी माझा हात हलवत होतं म्हणून. ओढून नाही, हलकेच, बोटाच्या टोकानं, इकडून तिकडे. देठ हलवून बघायची तसं. डोळे उघडले तर मुंगी समोर उभी. माझ्या दोन्ही मनगटांना काहीतरी थंड, चिकट लागलं होतं आणि त्यावर काठीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. गाठ तिला नीट येत नाही, तरी मारली होती. खाली तो पत्र्याचा डबा, बोटानं खरवडून पार रिकामा केलेला. तिच्या पायात बूट होते, उलटसुलट घातलेले. शाळेची पिशवी पाठीला, तिच्यात तिचा झगा कोंबलेला आणि ती काड्यापेटी.

"हलू नकोस," म्हणाली. "सुकू दे."

"हे काय केलंस?"

"लेप लावला. सगळा लावला. आता तू नाही पडणार." मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आता आईला फोन लाव ना. म्हणावं मुंगी तयार आहे."

ती सांगत होती की आई आली तेव्हाच तिला जायचं होतं, पण डबा वरच्या फळीवर होता आणि तिचा हात पोचत नव्हता. आज तिनं कुंडी उपडी करून त्यावर चढून तो काढला. "तेव्हाच लावला असता ना," म्हणाली, "पण तू तिथेच उभी होतीस. मी हो म्हटलं असतं तर तू पडली असतीस."

चौकट धरून ती किंचाळली ते तुला नको म्हणून नव्हतं. हे आता तुलाही कळलं आणि मलाही.

मला भीती वाटली. तू फोटोग्राफरबरोबर गेलीस तेव्हा वाटली नव्हती, तुझे बाबा गेले तेव्हाही वाटली नव्हती. हे घर, ते काचघर, संध्याकाळी कुणाची हाक नाही. मला ती हवी आहे. माझ्याजवळ मागायला दुसरं तोंड नाही म्हणून असं सरळ लिहिते, मला ती हवी आहे.

मी तिला हाताला धरून नळापाशी नेलं. चिंध्या सोडल्या. मेण नुसत्या पाण्यानं जात नाही म्हणून साबण घेतला आणि दोन्ही मनगटं चोळून चोळून धुतली, तिच्यासमोर, पूर्ण निघेपर्यंत. ती माझा हात धरून म्हणत होती, "आजी, नको ना, धुऊ नको ना, संपलाय तो." मी हात पुसले आणि तिला सांगितलं की लेप माणसांवर चालत नाही.

"मग माणसांना काय लावतात?"

मी म्हटलं, "काहीच लावत नाहीत. तुला राहावं लागेल."

ती दाराशी जाऊन खाली बसली, बूट काढले आणि भिंतीला लावून सरळ रेषेत ठेवले. सांगावं लागलं नाही. शिस्त लागली आहे.

तू येऊ नकोस.

आई